गाडीवरचा वायुघट : आधी जागा की आधी हिशेब?

मोटारीच्या बॅटरीवर पाण्याचे विद्युत अपघटन करायचे, निघालेला वायू इंजिनात सोडायचा आणि पेट्रोल वाचवायचे, अशी प्रतिकृती शालेय विज्ञान प्रदर्शनांत अधूनमधून दिसते. असे तयार घट बाजारातही मिळतात. ते घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : हा घट गाडीत बसवायचा कुठे? वायू आणि वाहन यांची सांगड घालणाऱ्यांना हा जागेचा प्रश्न पूर्वीही पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला हे पाहिले, की त्यामागचा अधिक महत्त्वाचा प्रश्न आपोआप पुढे येतो.

१८०० साली इंग्लंडमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या घटमालेतील वीज पाण्यातून सोडली आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. पुढे सातच वर्षांनी, १८०७ मध्ये, स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा इझाक द रिवाझ यांनी हायड्रोजनच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. विजेची ठिणगी पाडून ते वायू पेटवत. हे इंजिन त्यांनी गाड्यावर चढवले. पण वायू मात्र आधीच तयार करून फुग्यात भरलेला असे. म्हणजे गाडीवर इंधनाचा साठा होता, कारखाना नव्हता.

वायूचा कारखानाच मोठ्या प्रमाणावर गाडीवर आला तो दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा युरोपात लाखो वाहनांना लाकडावर किंवा लोणारी कोळशावर चालणाऱ्या वायुभट्ट्या जोडल्या गेल्या. फ्रान्सच्या जॉर्ज अँबेर यांची भट्टी त्यांत विशेष प्रसिद्ध होती. आपल्याकडेही त्या काळात कोळशावरच्या बसगाड्या धावत. भट्टी बसच्या मागे असे आणि गाडी सुरू करण्याआधी क्लीनर हाताने पंखा फिरवून निखारे फुलवी.

या भट्टीत हवा जेमतेम सोडत. त्यामुळे कोळसा पुरता न जळता कार्बन मोनॉक्साइड तयार होई. ओलाव्याची वाफ तापलेल्या कोळशावरून गेली की तिच्यातून हायड्रोजन सुटे. म्हणजे हाही एका अर्थाने पाण्यातून हायड्रोजन काढण्याचाच उद्योग होता. मात्र या वायूत निम्मा भाग हवेतल्या नायट्रोजनचा असल्याने इंजिनाची ताकद बरीच घटे आणि चढावर गाडी रडतखडत जाई.

भट्टी मागे टांगलेली, बाजूला बसवलेली किंवा दोन चाकांच्या जोडगाड्यावर ओढलेली असे; पण उतारूंच्या खोलीत ती कोणी ठेवत नसे. कारण उघड आहे : कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. शिवाय भट्टीची धग आणि राख होतीच.

दुसरा धडा लेनिनग्राडचा. १९४१ मध्ये शहराला वेढा पडला असताना, विमानांना अडवण्यासाठी उभारलेल्या फुग्यांतील निरुपयोगी झालेला हायड्रोजन बोरिस शेलिश्च या तंत्रज्ञाने मालमोटारींच्या इंजिनांत वापरला. सुरुवातीला इंजिनातली ज्वाला नळीतून उलटी आली आणि वायूने पेट घेतला. मग त्यांनी वायूच्या वाटेत पाण्याचा अडसर घातला. वायू पाण्यातून बुडबुड्यांनी पुढे जाई, पण ज्वाला मागे येऊ शकत नसे.

आता आपल्या घटाकडे येऊ. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी ते मिश्रण पेट घेते. या घटातून तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर पडतात. हे मिश्रण अधिकच धोक्याचे. म्हणून घट माणसांजवळ नको, तापलेल्या धुराड्याजवळ नको. वारा खेळेल अशा जागी तो उभा आणि पक्का बसवलेला हवा, वाटेत पाण्याचा अडसर हवा आणि इंजिन थांबताच त्याची वीज तुटायला हवी. जागेच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपते.

पण भट्टी आणि घट यांत एक मूलभूत फरक आहे. भट्टीत कोळसा खर्ची पडत होता. ऊर्जा त्याची होती. घटात काय खर्ची पडते? पाणी नव्हे, कारण वायू जळाला की तेवढेच पाणी परत बनते. खर्ची पडते ती वीज, आणि ती येते इंजिनाने फिरवलेल्या अल्टरनेटरकडून.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. सहा घट एकसरीत जोडले आणि १४ व्होल्टवर २० अँपिअर प्रवाह दिला, तर २८० वॅट खर्च होतात. फॅरडेच्या नियमाने मिनिटाला सुमारे ०.९ लिटर हायड्रोजन मिळतो. एक लिटर हायड्रोजन जळून सुमारे १० किलोज्यूल उष्णता देतो. म्हणजे मिळकत १५० वॅट. इंजिन त्यातले चौथाई कामी लावते असे धरले, तर हाती येतात ४० वॅटहून कमी. उलट अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर त्या २८० वॅटसाठी इंजिनाला सुमारे ५०० वॅट मोजावे लागतात. ५०० देऊन ४० घेणे, असा हा व्यवहार!

हायड्रोजनमुळे पेट्रोल अधिक चांगले जळते, असा बचाव केला जातो. परंतु नीट चालणाऱ्या इंजिनात जवळजवळ सगळे पेट्रोल जळतच असते. सुधारायला फारसे उरत नाही. २०१४ मध्ये विक्रीस आलेल्या टोयोटाच्या मिराय या गाडीतही हायड्रोजन बाहेर तयार करून टाकीत भरावा लागतो. रिवाझ यांच्या फुग्याचीच ही जात.

तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याने असा घट करून आणला, तर त्याला हिणवू नये. त्याचे हात कामाला लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. घट उघड्या हवेत, ज्वालेपासून दूर ठेवून प्रवाह आणि वायूचे आकारमान त्यालाच मोजू द्यावे. घट कुठे बसवायचा हे विचारण्याआधी ऊर्जा कुठून येते हे विचारायचे असते, हे त्याला स्वतःच्या आकड्यांतूनच कळेल.