रुग्णांची वाटणी कोण करतो?

कंत्राटी परिचारिकांच्या वाट्याला बऱ्याचदा सर्वांत जड वॉर्ड आणि लागोपाठ रात्रपाळ्या का येतात? "त्या तात्पुरत्या आहेत" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. कोणी कोणत्या रुग्णाची सेवा करायची हे ठरवणे, ही सत्ता आहे. इतिहास पाहा.

१९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या परिचारिका दलात फक्त ५६ कृष्णवर्णीय परिचारिकांना जागा दिली, तीही कृष्णवर्णीय सैनिकांच्या वॉर्डांसाठी. पुढे अनेकींना जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेला लावले. गोऱ्या अमेरिकी सैनिकाला त्यांचा हात नको, शत्रूच्या कैद्याला मात्र चालतो! हा विटाळ आपल्या ओळखीचा आहे.

मेबल स्टॉपर्स आणि कृष्णवर्णीय परिचारिकांची १९०८ मध्ये स्थापन झालेली संघटना याविरुद्ध लढली. जानेवारी १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिचारिकांच्या सक्तीच्या भरतीची मागणी केली. टंचाई आहे, तर कृष्णवर्णीय परिचारिका का नकोत, हा स्टॉपर्स यांचा प्रश्न बिनतोड होता. त्याच महिन्यात लष्कराला कोटा उठवावा लागला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सरकारी सेवेतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व लागू केले. पण पगार समान होऊनही रुग्णवाटप मर्जीवर राहिले, तर समता अर्धीच. म्हणून रुग्णांची संख्या आणि गांभीर्य पाहून केलेली वाटणी लेखी असावी, वॉर्डात सर्वांना दिसावी. कायम असो वा कंत्राटी, नियम एकच. तो मागून मिळणार नाही. संघटित होऊनच मिळेल.

जय भीम!