लोणावळ्याची बोटुकली आणि कावेरीचा महसीर

१/ १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी येथे १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाला लागला. पाठीवर वशिंड आणि नारिंगी पर असलेला हा मासा जगभरच्या शिकाऱ्यांना ठाऊक होता. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित व्हायला मात्र २०१८ साल उजाडले. या विलंबाची किंमत माशाने मोजली.

२/ या कथेचा आरंभ पुण्याजवळ होतो. कंपनी सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या पाहणीत मासेही नोंदले. १८३९ मध्ये त्यांनी मुळा-मुठेतील महसीराला 'खुद्री' हे नाव दिले. तोच आजचा 'टॉर खुद्री', निळसर परांचा दख्खनी महसीर.

३/ शिरूरजवळच्या घोड नदीतील दुसऱ्या एका माशाला त्यांनी 'मुसुल्ला' म्हटले. पुढे हेच नाव कावेरीच्या महाकाय महसीराला चिकटले. 'मुसुल्ला' मुळात महसीर नव्हेच, तो 'हिप्सेलोबार्बस' या वेगळ्या प्रजातीसमूहातील मासा आहे, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. वशिंडाचा महसीर पुन्हा निनावी झाला.

४/ दरम्यान धरणे आणि सुरुंगाची मासेमारी यांमुळे महसीर सर्वत्र घटत होते. १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी, टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात टॉर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचे संशोधन त्यामागे होते. दख्खनी महसीराला याचा मोठा आधार मिळाला.

५/ येथील बोटुकली इतर राज्यांतही गेली. त्यातूनच टॉर खुद्री कावेरीत पोहोचला. हेतू संवर्धनाचा होता, परंतु 'महसीर' या एका शब्दाखाली दोन भिन्न वंश झाकले गेले होते.

६/ पुरावा सापडला तो शौकीन गळवाल्यांच्या नोंदवह्यांत. कावेरीकाठच्या गालिबोरे तळावरील १९९८ ते २०१२ च्या नोंदी सांगतात की महसीर मिळण्याचे प्रमाण वाढत होते. मात्र ही वाढ निळ्या परांच्या माशांची होती. वशिंडाचे महसीर विरळ होत गेले. एकूण आकडा पाहणाऱ्याला नदी समृद्ध भासली असती.

७/ २०१८ मध्ये संशोधकांनी कावेरी खोऱ्यातील मोयार नदीतून वशिंडाचे महसीर मिळवून त्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला. तो केरळच्या पांबार नदीतून आधीच वर्णिलेल्या 'टॉर रेमादेवी'शी जुळला. पांबारचे पाणीही अखेर कावेरीलाच मिळते. मत्स्यशास्त्रज्ञ रेमा देवी यांच्या सन्मानार्थ ठेवलेले नाव अशा रीतीने कावेरीच्या या महाकाय माशालाही लाभले.

८/ हा डीएनए केवळ मातेकडून संततीकडे जातो. त्यामुळे वंश ओळखता येतो, पण दोन जातींचा संकर झाला आहे का, हे केवळ त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातील डीएनए पाहावा लागतो.

९/ नाव ठरताच त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने टॉर रेमादेवीला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले. निनावी माशाला या यादीत जागाच नव्हती. उलट टॉर खुद्री पुढे 'संकटग्रस्त' वर्गातून बाहेर पडला.

१०/ एका महसीराला तारणारे बीज परक्या नदीत दुसऱ्याच्या मुळावर आले. म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे, मूळ कोणत्या खोऱ्यातले, हे तपासणे संवर्धनाची पहिली पायरी ठरते. कावेरीत ती पायरी चाळीस वर्षे उशिरा आली.