अतिनवतारा १९८७ए : पूर्वज ताऱ्याच्या ओळखीचा इतिहास

एका हेतूने जपलेले साधन पुढे अगदी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते, हा इतिहासाभ्यासकाचा अनुभव खगोलशास्त्रातही येतो. २४ फेब्रुवारी १९८७ रोजी चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना मोठ्या मॅगेलनी मेघात अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा, आढळला. स्फोटापूर्वीच्या छायाचित्रांत त्याच स्थानी निकोलस सँड्युलिक यांच्या १९७० च्या सूचीतील −६९° २०२ हा तारा होता. मात्र तो निळा अतिमहाकाय तारा होता. असा स्फोट तांबड्या अतिमहाकाय ताऱ्यांचाच होतो, अशी तत्कालीन धारणा होती. शिवाय आययूई उपग्रहाने घेतलेल्या अतिनील वर्णपटांत त्या जागी उष्ण तारे दिसत राहिल्याने तो शाबूत असल्याचा समज प्रथम झाला. सूक्ष्म विश्लेषणाअंती तो प्रकाश दोन निकटवर्ती ताऱ्यांचा असून मूळ तारा नाहीसा झाल्याचे सिद्ध झाले. परिणामी धारणेस मुरड घालावी लागली. जड मूलद्रव्यांची न्यूनता किंवा दोन ताऱ्यांचे विलीनीकरण अशी स्पष्टीकरणे पुढे आली. तात्पर्य, केवळ स्थानसाम्य पुरेसे नव्हे. ताऱ्याचे नाहीसे होणे हाच निर्णायक पुरावा होय. ही अनुपस्थिती ओळखता आली, ती जुन्या नोंदी जपल्या गेल्या म्हणूनच.