बालाघाटावरचा खवा आणि म्हशीचा वंशलेख

पर्जन्याने सदैव हात आखडता घेतलेल्या मराठवाड्यातील बालाघाटाच्या पठारावर, जिथे कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर ना सरकारचा महसूल निश्चित होता ना रयतेची भाकरी, तिथे दारची म्हैस हेच कुणब्याचे खरे वतन होते. १९४८ साली निजामी अंमल संपला, दप्तरांची भाषा पालटली, पुढे उस्मानाबादचे धाराशिव झाले. परंतु म्हशीच्या दुधावरचा या मुलखाचा विश्वास ढळला नाही. नाशवंत दूध आटवून दूरच्या बाजारपेठेस पोहोचवण्याची जी विद्या याच जिल्ह्यातील भूम तालुक्याने जोपासली, तिचीच मधुर परिणती म्हणजे कुंथलगिरीचा खवा आणि पेढा.

या खव्याचे रहस्य केवळ भट्टीत नाही. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश, शिवाय केसीन या प्रथिनाची विपुलता. आणि त्या केसीनच्या चार प्रकारांची चार जनुके एकाच गुणसूत्रावर, एका वाड्यातील भाऊबंदांप्रमाणे, शेजारी शेजारी नांदतात. त्यांपैकी बीटा-केसीनच्या २०९ अमिनो आम्लांच्या साखळीत ६७व्या स्थानी अनेक युरोपीय गाईंत हिस्टिडीन आढळते, तर आपल्या म्हशींत बहुधा प्रोलीनच. असे प्रोलीनयुक्त बीटा-केसीन असलेल्या दुधालाच ए-टू दूध म्हणतात.

असे दूध देणाऱ्या मराठवाडी आणि पंढरपुरी जातींच्या म्हशींची वंशावळ कोणत्याही कुलकर्ण्याने लिहून ठेवली नाही. ती निरक्षर पशुपालकांच्या पारखी नजरेने पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतच कोरली. तो लेख वाचणे आणि जपणे, हे आपले ऋण आहे.