'ॲ' अक्षराचा सतरा वर्षांचा प्रवास

संगणकाच्या आज्ञावलीत चूक निघणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, आणि ती सुधारणे हे पुष्कळदा तासाभराचेही काम नसते. परंतु सुधारलेली आज्ञावली शाळेच्या कचेरीतील संगणकावर केव्हा पोहोचते, हा प्रश्न निराळा आहे. आपल्या मराठीतील एका अक्षराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ॲडमिशन, ॲडव्होकेट असे शब्द आपण रोज लिहितो. त्यांतला हा 'ॲ'.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम पुण्यातच, आपल्या वारज्याहून फार दूर नसलेल्या 'सी-डॅक' संस्थेत झाले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. भारतीय लिप्यांच्या 'इस्की' या संकेतप्रणालीची १९८८ ची मांडणी जगातील सर्व लिप्यांसाठी सिद्ध होत असलेल्या 'युनिकोड'ने आधाराला घेतली. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये 'ए'वर चंद्र दिलेला हिंदी वळणाचा 'ऍ' होता. मराठी 'ॲ'ला मात्र स्वतंत्र जागा नव्हती. मग लोक 'अ' लिहून पुढे सुटा चंद्र जोडू लागले. कधी अक्षर नीट उमटे, तर कधी मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ दिसे.

एप्रिल २००८ मध्ये युनिकोड ५.१ निघाले आणि 'ॲ'ला जागा मिळाली. दुरुस्ती झाली, पण कागदावर! अक्षराचा आकार टंकात यायला हवा, कळफलकावर खूण हवी, आणि हे सारे वापरणाऱ्याच्या स्थिर आवृत्तीत शिरायला हवे. 'लोहित' हे मुक्त टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली खुले केले. त्यांची देखभाल पुण्यातील अभियंत्यांनी केली. पण टंक सुधारला तरी वाट संपत नाही. 'डेबियन' या मुक्त प्रणालीचेच पाहा. तिची नवी आवृत्ती जुलै २००८ मध्ये गोठवली गेली व फेब्रुवारी २००९ मध्ये बाहेर पडली. गोठवल्यानंतर केवळ गंभीर चुकांच्या दुरुस्त्यांना वाव असतो. त्यामुळे साध्या दुरुस्तीला फेब्रुवारी २०११ च्या पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागे. एका दुरुस्तीने दुसरे काही बिघडू नये म्हणून हा नियम आहे. मोठ्या कार्यालयांना तो सोयीचा. लहान भाषांना मात्र तो महाग पडतो, असे माझे मत आहे.

उलट उदाहरणही आहे. 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' नावाची चूक मार्च २०१२ मध्ये वापरात आली आणि दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी ती जाहीर झाली, त्याच दिवशी दुरुस्ती निघाली आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीतही पोहोचली. तिथे पासवर्ड चोरीस जाण्याची भीती होती. इथे नुसते एक अक्षर चुकत होते!

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले. तरी जुन्या नोंदींतला 'अ' अधिक चंद्र आणि नवा 'ॲ' संगणकाच्या लेखी आजही दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून जुन्या यादीत नाव शोधताना दोन्ही रीतींनी लिहून पाहावे.