मोसली ओल्ड हॉलच्या विटा

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत माझी उमर गेली. कुठलीही भिंत दिसली की मला पहिला प्रश्न पडतो, ही भार पेलते की नुसती झाकते? इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टनजवळ असलेल्या मोसली ओल्ड हॉलच्या बाहेरच्या विटा झाकतात.

बाहेरून हे एकोणिसाव्या शतकातलं पक्कं शेतघर वाटतं. आतला सांगाडा मात्र लाकडी, १६००च्या सुमाराचा, हेन्री पिट नावाच्या व्यापाऱ्याने उभारलेला. त्या काळी तिकडे ओकचे खांब आणि तुळया खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी आवळत, आणि मधल्या चौकटी कुडाने व मातीने भरत. आपल्या वाड्यांतही भार लाकडावर आणि भरण विटामातीचं, म्हणून हे घर मला लगेच ओळखीचं वाटलं.

लोक इथे येतात ते राजासाठी. ३ सप्टेंबर १६५१ला वुस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स वेश पालटून पळत होता. काही दिवसांनी रात्री तो इथे पोहोचला. घरमालक थॉमस व्हिटग्रीव्ह कॅथलिक. त्या काळी बंदी असलेले कॅथलिक पाद्री लपवण्यासाठी कपाटाच्या तळाशी केलेली चोरजागा घरात आधीपासूनच होती. लढाईत राजाला हरवणाऱ्या क्रॉमवेलच्या बाजूचे शिपाई दारात आले तेव्हा राजा त्या जागेत होता. माणसांच्या धाडसाइतकंच ती जागा करणाऱ्या सुताराचं कसबही राजाला वाचवून गेलं, असं मी मानतो.

पुढे घराची रया गेली आणि ते कुळांकडे शेतीला आलं. मग १८७०च्या सुमारास लाकडी दर्शनी भाग विटांनी मढवला आणि खिडक्या बदलल्या.

या मढवण्याला बरेच जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. इंग्लंडमध्ये १७८४पासून विटांवर कर होता. सुरुवातीला हजार विटांना अडीच शिलिंग, पुढे तो वाढत गेला. कर नगावर, म्हणून काहींनी विटा मोठ्या पाडल्या, तर सरकारने मोठ्या विटेवर दुप्पट कर लावला! हा कर १८५०मध्ये उठला, खिडक्यांवरचा कर १८५१मध्ये; म्हणजे घर मढवताना दोन्ही आड येत नव्हते. ज्या घरात आता शेतकरी राहत होता, त्या घराला पावसात कुजणाऱ्या लाकडापेक्षा विटेचा आडोसा हवा असणार. त्यात मला अरसिकपणा दिसत नाही. विटांनी घर टिकवलं.

१९६२मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. त्यांनी विटा सोलून आतलं लाकूड दाखवायचा मोह टाळला, हे फार बरं केलं. तिकडे गेलात तर राजाचा पलंग बघायला जिना चढण्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. बदललेल्या खिडक्यांच्या कडा नीट बघा. राजा इथे दोन रात्री राहिला, शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या.