एका तारेचा इतिहास : तुणतुणे आणि आपला जलसा

विहाराच्या स्मरणिकेत धम्म, बावीस प्रतिज्ञा, महाड, येवला यांवर लेख येतात. ते आलेच पाहिजेत. पण ज्या वाद्याच्या साथीने बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीत आणि चाळीच्या पटांगणात पोचला, त्या तुणतुण्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. उलट एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की आपण म्हणतो, "झालं याचं तुणतुणं सुरू!" ज्याने आपल्या बापजाद्यांना जागं केलं, त्याचीच ही टवाळी. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

तुणतुण्याची बनावट साधी. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, त्याच्या खालच्या तोंडावर ताणून बसवलेले शेळीचे कातडे. बाजूला बांबूची काठी आणि काठीच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार नळकांड्याच्या आतून वर जाते आणि खुंटीला गुंडाळली जाते. खुंटी पिळली की तार चढते, सैल सोडली की उतरते. पावसाळी हवेत कातडे ढिले पडते, म्हणून वाजवणाऱ्याचा हात सारखा खुंटीवर. पडदे नाहीत, सात सूर नाहीत. सूर एकच.

मग एका सुराने काय होते? पुष्कळ होते. शाहीर उघड्या मैदानात गातो, लोक बोलत असतात, पोरं रडत असतात. अशा वेळी त्याला मूळ सूर धरून ठेवायला कोणीतरी लागतो. ते काम मागे उभा राहणारा सुरत्या करतो. तो तार छेडतो आणि "जी जी" म्हणत झील धरतो. डफ ताल देतो, तुणतुणे सूर देते, आणि तार ठेक्यात छेडली की तालालाही हातभार लागतो. पुढारी शाहीर असतो हे खरं, पण तार थांबली तर शाहीरही चुकतो.

हे वाद्य काही चळवळीने शोधले नाही. गोंधळात संबळाबरोबर ते होतेच. तमाशात ढोलकी, डफ, झांज, कडे यांच्या जोडीला होते. यल्लम्माच्या जोगत्यांच्या हातातले चौंडके हेही त्याच घरातले. आणि इथेच इतिहासाची गंमत बघा. वाद्याला कातडे लागते. कातडे कमावणारे कोण? ढोर-चांभार. त्यांनी कमावलेले कातडे देवीच्या गोंधळात वाजले तर चालत होते, पण कमावणाऱ्याची सावली देवळात चालत नव्हती. त्याच देवळाच्या दारासाठी 2 मार्च 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला.

महात्मा जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. भटशाही, सावकारी, अज्ञान यांच्यावर वग रचले. हीच वाट पुढे आंबेडकरी जलशाने धरली. नाशिक जिल्ह्यातले शाहीर भीमराव कर्डक यांनी 1930 च्या दशकात जलशातून गावोगाव प्रचार केला. ज्याला वाचता येत नव्हते त्याला मूकनायक आणि जनता पत्रातला विचार ऐकू आला तो असा, डफ-तुणतुण्यावर. सभेला जायला भिणारी माणसंही जलशाला येऊन बसत.

पण बाबासाहेबांनी तमाशा जसाच्या तसा स्वीकारला नाही, हेही सांगितले पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, ते बाबासाहेबांनी घेतले नाही. आपल्या समाजाच्या बायांना नाचवून मिळालेल्या पैशावर इज्जतीची लढाई लढता येत नाही. जलसेकारांनी हा धडा घेतला. लावणीचा शृंगार काढला, गणातला देव काढला, पण तार ठेवली.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि प्रश्न आणखी कडक झाला. देव सोडले, जोगवा सोडला, गावकीची कामं तर आधीपासूनच सोडत आलो होतो. मग देवांच्या नावाने वाजलेले वाद्यही सोडायचे का? काहींनी सोडले. त्यांचा राग आम्हाला समजतो. ज्या वाद्यापायी बाप दारोदार फिरला, ते घरात नको वाटणे साहजिक आहे. पण आमचे म्हणणे वेगळे आहे. लाकडाला आणि तारेला जात नसते. जात ती वाजवायला लावणाऱ्याच्या डोक्यात असते.

या बाबतीत भगवान बुद्धाचाच दाखला देतो. सोण नावाचा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू झाला आणि चालून चालून पायाचे रक्त निघेपर्यंत साधना करू लागला. तरी मन शांत होईना. तो आधी वीणा वाजवणारा. भरहुत-सांचीच्या शिल्पांत दिसते तशी धनुष्याच्या आकाराची वीणा त्या काळी होती. बुद्धाने त्याला विचारले, तार फार ताणली तर सूर निघतो का? फार सैल सोडली तर निघतो का? सोण म्हणाला, नाही. मग प्रयत्नाचेही तसेच आहे, असे तथागतांनी त्याला समजावले.

आपल्यालाही हेच लागू पडते. जुने सगळेच टाका म्हणणे ही तार ताणून तोडणे झाले. आणि जयंतीला विचार बाजूला ठेवून नुसता डीजेचा दणदणाट करणे ही तार सैल सोडणे झाले. हार्मोनियम आली, बेंजो आला, भीमगीतं घराघरात गेली, त्याचा आनंदच आहे. वाद्य बदलू द्या, पण गाण्यातला शब्द ऐकू आला पाहिजे. तुणतुण्याची थोरवी हीच की त्याने कधी शब्दावर कुरघोडी केली नाही.

म्हणून विहाराच्या कमिटीला आमची सूचना आहे. रविवारच्या संस्कारवर्गात वंदनेनंतर मुला-मुलींच्या हातात डफ आणि तुणतुणे द्या. वस्तीत एखादा जुना सुरत्या असेल तर त्याला मानाने बोलवा, झील कशी धरायची ते शिकवायला सांगा. आणि पुन्हा कोणी "काय तेच तेच तुणतुणं" म्हणून हसला, तर त्याला सांगा, समतेचा सूर एकच असतो. तो मिळेपर्यंत तेच वाजवावं लागतं.

नमो बुद्धाय! जय भीम!